अर्धा हॉर्सपॉवर

“मने, पाना दे गं हिकडं.”

“हे काय, तुझ्या म्होरंच पडलाय की. डोळं फुटलं का तुझं?”

मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो, तो तसाच उघडा राहिला. बाथरूममध्ये दोनच माणसं होती. एक, शॉवरला पंप बसवायला मी कारखान्यातून सांगून बोलावलेला फिटर. त्याला येऊन अर्धा तासही झाला नव्हता. आणि दुसरी माझी बायको, त्याला प्यायला पाणी द्यायला म्हणून आत गेलेली. माझ्या बायकोचं नाव शैलजा. ती कुणाला डोळे फुटले का असं विचारत नाही. ती हळू बोलते, नीट बोलते, वाक्य पुरं करते. त्यामुळे क्षणभर मला खरोखरच वाटलं, मागच्या दाराने शेजारपाजारची कुणी बाई आत आली असावी. आवाज पोटातून आलेला, भरलेला, किंचित घोगरा. मग ती बाई हसली. त्या हसण्यात शेवटी एक बारीक हुंदक्यासारखा श्वास होता, तो मात्र मी ओळखला. शैलजा फार क्वचित हसते तेव्हा तेवढाच श्वास बाहेर येतो, हसू आतच राहतं. म्हणजे आठ वर्षं मला नुसतं शेपूट दिसत होतं आणि अख्खं जनावर आज माझ्याच बाथरूममध्ये उभं होतं.

मी उठून आत गेलो. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिने मागे पाहिलं आणि उंबऱ्याशी चप्पल बदलावी तशी भाषा बदलली. “अहो, हा भीमा. आमच्या गावचा, खर्ड्याचा. आमचं आणि त्यांचं शेत एकाच विहिरीवर आहे. किती वर्षांनी भेटतो आहे!” भीमा पाइपाला आटे पाडत उकिडवा बसला होता. पस्तिशीचा, काळा, मनगटं जाड. त्याने हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला. “रामराम दाजी. मला काय म्हाईत तुमचं घर म्हून. सायबांनी पत्त्याची चिठ्ठी दिली, मी आलो. बघतो तर मनी!” मग माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने लगेच दुरुस्ती केली. “मनाताई.”

दाजी. आठ वर्षांत मला दाजी म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं, कारण शैलजाला भाऊ नाही. ताई म्हणाला, दाजी म्हणाला, म्हणजे खरं तर कुठल्याही शहाण्या माणसाचं समाधान व्हायला हवं होतं. माझं झालं नाही. मला तसला संशय आला असता तर बरं झालं असतं. तसल्या संशयाला निदान तोंड असतं, भांडता येतं. मी पुन्हा बाहेर येऊन पेपर तोंडासमोर धरला आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. आत पुन्हा सुरू झालं होतं. कोण मेलं, कोणाची म्हैस व्याली, दुष्काळात भीमाने दोन वर्षं खडी फोडली आणि मग बिऱ्हाड घेऊन नगरला कसा आला. ती मध्येच “व्हय?” म्हणे. ते नुसतं “व्हय?” असं काही येत होतं की मी पेपरातली एक ओळ चार वेळा वाचली. मला ती “हो का?” म्हणते.

आणि हे मीच केलेलं होतं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले चौघे जण चहाला आले होते. मी तेव्हा नवा ड्राफ्ट्समन, इस्त्रीची पॅन्ट, खिशाला दोन पेनं. आमचं घराणंही शेतकऱ्याचंच, पण वडील नगरला येऊन स्थिरावले आणि आम्ही नगरवाले झालो. ती कपबश्यांचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, “घ्या की. च्या लई ग्वाड झालाय व्हय?” चौघे हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. ती गोंधळून माझ्याकडे पाहून हसली, कारण नवरा हसतोय म्हणजे काहीतरी चांगलंच झालं असणार. संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. ‘हाय’ नाही, ‘आहे’. ‘न्हाई’ नाही, ‘नाही’. ‘लई’ नाही, ‘खूप’. पाटी-पेन्सिल तेवढी दिली नाही. तिने दोन महिन्यांत सगळं उचललं. नंतर कधी चुकली नाही. टायफॉइडच्या तापात बरळली तेसुद्धा शुद्ध. गेल्या वर्षी मुलगी सुट्टीत खर्ड्याला राहून आली आणि दारातच म्हणाली, “आजीनं लई लाडू दिले,” तेव्हा मी काही बोलायच्या आत तिनेच मुलीचा गाल धरला. “खूप म्हणायचं, बाळ.” मला तेव्हा अभिमान वाटला होता. आत्ताही मुलगी खर्ड्यालाच होती, दिवाळीच्या सुट्टीत, आणि तिथे ती काय काय उचलत असेल ते उचलत होती.

नावही मीच दिलेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून माझ्या हातात अंगठी दिली, मी तांदळावर शैलजा असं लिहिलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. ती मान तिरकी करून वाचत होती. तिचं माहेरचं नाव मनकर्णा, ते तिच्या आजीचं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. ताटातले तांदूळ मग कुणीतरी गोळा केले आणि डब्यात ओतले.

शॉवरची कल्पना मात्र तिच्यासाठीच होती, हे माझ्या बाजूने सांगितलं पाहिजे. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात ती एकदा, एकदाच, आपणहून बोलली होती. विहिरीवर इंजिन लागलं की पाइपाच्या तोंडाशी ती लहानपणी पाठ देऊन उभी राहायची. पाणी पाठीत धपाटे घालायचं. श्वास कोंडायचा. आई ओरडायची, तरी हलायची नाही. सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मी तो मनात ठेवला, एखादं माप लिहून ठेवावं तसा. पुढे सावेडीला हे घर बांधलं तेव्हा मी हट्टाने शॉवर बसवून घेतला. गच्चीवर पत्र्याची टाकी आली, शॉवरही आला, चकचकीत. फक्त टाकीचा तळ आणि शॉवरचं तोंड यांच्यात जेमतेम साडेतीन फूट. दिवसभर पंपांची ड्रॉइंगं काढणाऱ्या माणसाने हे आधी पाहायला हवं होतं. वरून आपल्या वजनाने येणारं पाणी साडेतीन फुटांत काय जोर धरणार? नव्या शॉवरखाली ती पहिल्या दिवशी उभी राहिली आणि पाच मिनिटांनी बादली मागितली. तक्रार केली नाही. “छान आहे,” म्हणाली. दोन वर्षं शॉवर भिंतीवर लटकून राहिला आणि ती खाली बादली घेऊन बसत राहिली. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी. शेवटी दिवाळीच्या आत करायचंच म्हणून नागापूरच्या आमच्या कारखान्यातून मी अर्ध्या हॉर्सचा पंप आणला. त्याच्या आतल्या पंख्याचं ड्रॉइंग माझ्या हातचं आहे. खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही आहे.

“मने, आठवतं का,” आतून भीमाचा आवाज आला, “इंजिनाचं हँडल मारून मारून माझे खांदे भरून यायचे, आन् तू म्हनायचीस, बंद नको करू, आजून येक घडी, आजून येक घडी.”

“तुझ्या आबानं मारलं हुतं तुला, डिझेल जाळलं म्हून.”

“माझ्या बापाला काय म्हाईत, पिकाला पानी चाललंय का मनीला!”

दोघं हसली. मी पेपर खाली ठेवला. ते इंजिन कोण सुरू करत होतं, हे मी आठ वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर नेहमी एक पाइप होता, पाणी होतं आणि पाण्याचे धपाटे खाणारी तिची पाठ होती. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कुणी असेल असं मी धरलंच नव्हतं. ज्या आठवणीवर मी घर बांधलं, शॉवर लावला, पंप आणला, त्या आठवणीत एक माणूस आधीपासून हँडल धरून उभा होता, आणि आज मी त्यालाच चिठ्ठी पाठवून बोलावून घेतलं होतं.

मग नकाशाची गोष्ट. मी रात्री बसून ट्रेसिंग पेपरवर लाइनीचा नकाशा काढला होता. टाकीतून खाली येणारा पाइप स्वयंपाकघराच्या नळाला जातो, त्याच्यातूनच फाटा काढून पंपाला द्यायचा. भीमाने नकाशा हातात धरला, उलटा सुलटा केला आणि आदबीने परत दिला. “दाजी, आसं केलं तर पंप लागला की सैपाकघरातल्या नळाला पानी ऱ्हानार न्हाई. पंप समदं वढून घील. वारं बी वढील. टाकीतून येगळी लाइन घ्यावी लागल. वर येक व्हॉल, खाली पंप.” मी म्हणालो, अर्ध्या हॉर्सने एवढं नाही ओढलं जात. शैलजा मध्ये पडली. “त्याचं बरोबर आहे. विहिरीवरही असंच व्हायचं.” माझ्याशी बोलताना ‘आहे’, पण बाजू त्याची. आणि त्याचं बरोबर होतं हे मला ती बोलायच्या आधीच कळलं होतं. त्यानेच जास्त लागलं. माणूस हातांनी शिकलेला आणि मी कागदावर. तो पंपाच्या पोटाला तळवा लावून सांगू शकत होता, आत काय चाललंय ते.

पंपाचं बटण बाथरूमच्या बाहेरच घ्यायचं ठरलं. ते आणि वायर माझ्या यादीत राहून गेलेली, म्हणून मलाच सायकल काढावी लागली. निघताना ऐकलं, भीमा तिला समजावत होता, “वल्या हातानं बटनाला हात लावायचा न्हाई. आत गेलीस की दाजींना हाक मार, ते दाबतील.” ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. सावेडीपासून गावातलं दुकान दोन मैल. वाटेत मी स्वतःला समजावत होतो. अरे, तो तिचा भाऊ झाला. भाऊबीजेच्या संध्याकाळी आठ वर्षं ही बाई ताट घेऊन गच्चीवर जाते आणि चंद्राला ओवाळते, ज्यांना भाऊ नसतो त्या ओवाळतात तशी. या घरात आल्यापासून टाकीच्या शेजारी उभी राहून. एकदाही माझ्या मनात आलं नाही की तिच्याबरोबर वर जावं. मी खाली रेडिओ ऐकत असे. आणि आज तिला कुणी ओवाळण्याजोगं भेटलं तर माझ्या पोटात दुखतंय. असं स्वतःला चांगलं झापून मी बटण घेतलं, वायर घेतली, आणि परतताना पुलाच्या चढावर पाय मारता मारता पुन्हा तेच: आत्ता ती काय बोलत असेल, आत्ता हसली असेल, आत्ता तो श्वास बाहेर पडला असेल.

घरी आलो तर दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. ताटात बाजरीची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा बुक्कीने फोडलेला. तीही जेवत होती, त्याच्यासमोर, माझ्या आधी. मला ती पोळ्या करते. ठेचा मला तिखट लागतो म्हणून घरात होतच नाही, असं मी समजत होतो. पण पाटा ओला होता, आणि फडताळाखालची त्याची जागा झिजलेली होती, म्हणजे तो नेहमी निघत असणार. मी ऑफिसला गेल्यावर. “दाजी, समदं झालंय,” भीमा भाकरी मोडत म्हणाला. “लाइन भरून घेतली, वारं काढलं. निस्तं बटन जोडायचं ऱ्हायलं.” ती लगबगीने उठली. “तुमचं पान घेते आहे.” मी म्हणालो, राहू दे, टाकीत पाणी किती आहे पाहून येतो.

गच्चीवर ऊन होतं. दोरीवर तिची निळी साडी वाळत होती. टाकीच्या बुडाशी नवा पाइप, आट्यांवर सूत गुंडाळून, सफेदा लावून नीट आवळलेला, आणि त्यावर पितळेचा व्हॉल्व्ह, छोटं चाक असलेला. पाणी टाकीत गळ्याइतकं होतं. मी चाकावर हात ठेवला. मी काय करतोय हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. पंपाला वरून पाणी आलं नाही की काय होतं, याची मी ड्रॉइंगं काढतो. कोरडा फिरतो, ओरडतो, दांड्याभोवती पाणी अडवायला भरलेली दोरी जळते. मला फक्त एवढंच हवं होतं की तिच्यासमोर तो पंप ओरडावा आणि पाणी येऊ नये. हँडल मारणाऱ्याच्या हाताला एकदा अपयश यावं आणि तिने ते पाहावं. चाक सहज फिरलं. आठ वेढे. मग मी खाली येऊन हात धुतले आणि पोळी खाल्ली.

भीमाने बटण जोडलं. ती बाथरूममध्ये शॉवरखाली हात पसरून उभी राहिली, लहान मुलीसारखी, पदर कमरेला खोचून. “लाव रे!” मी दारात. भीमाने बटण दाबलं. पाइपात उरलेलं पाणी एकदा थुंकल्यासारखं बाहेर आलं, पुढे नुसती खोकल्याची उबळ. पंप घुरघुरला, मग त्याचा आवाज चढत गेला. “थांब, यील,” ती म्हणाली, “यील की,” आणि हात तसाच पसरून उभी राहिली. तिच्या त्या विश्वासापायी भीमा आणखी थोडा वेळ थांबला. मग जळक्या दोरीचा वास आला. त्याने बटण बंद केलं, पंपाच्या पोटाला तळवा लावला आणि झटकन काढला. तो जिन्याकडे गेला. मी त्याची पावलं मोजली. अठरा पायऱ्या. वर शांतता. मग अठरा पायऱ्या खाली.

“माझीच चूक, ताई,” तो आला आणि म्हणाला. “व्हॉल खोलायचा ऱ्हायला हुता. ध्यानातनंच गेलं.”

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि पसरलेला हात हळूच मागे घेतला. मी म्हणालो, होतं असं, माणूस आहे. हे मी म्हणालो. त्यानंतर तासभर भीमा पंप खोलून जळकी दोरी काढत होता, नवी भरत होता, आणि बाथरूममधून एक शब्द ऐकू आला नाही. मला पाहिजे होतं ते झालं होतं, घर पुन्हा नेहमीसारखं शांत झालं होतं. पुन्हा बटण दाबलं तेव्हा शॉवरमधून पाणी असं सुटलं की समोरच्या भिंतीवर आदळून उंबऱ्याबाहेर आलं. काय जोर होता! मी टाळी वाजवली. ती पाहत उभी राहिली, हात पुढे केला नाही.

भीमाने हत्यारं पोत्यात भरली. “येतो दाजी. वरचा व्हॉल आता उघडाच ऱ्हाऊ द्या.” दारात ती म्हणाली, “भाऊबीजेला ये, भीमा. वहिनीला घिऊन ये.” “यीन की,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. ती फाटकाशी उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत पाहत होती. मग आत आली.

“आता कर अंघोळ,” मी म्हणालो. “मी बटण दाबतो.”

“व्हॉल म्या खोलला हुता.”

मी बटणाकडे निघालो होतो, तो थांबलो.

“तुमी बटन आनाया गेल्तात तवा. त्यो खाली पंपापशी हुता. म्हनला, मने, वर जाऊन व्हॉल खोल. ह्या हातानं खोलला म्या, पुरा. त्यो इसरला न्हाई. त्यानं वर जाऊन बघितलं आन् समदं वळाखलं. माझ्याम्होरं तुमची लाज जाऊ ने म्हून सोताच्या कामाला बट्टा लावून घेतला त्यानं. आन् तुमी म्हनता, मानूस हाय, हुतं आसं? काय वाईट केलं हुतं त्यानं तुमचं? आं? दोन घडी बोलले मी कुनाशी, येवढं बी बघवलं न्हाई?”

जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि तसं वाटायलाच हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खालून दुसरंच काही वर येत होतं. ती बोलत होती. भीमाशी नाही, विहिरीशी नाही, माझ्याशी. पोटातून, भरलेल्या घोगऱ्या आवाजात, कमरेवर हात ठेवून. हाय, हुतं, न्हाई, सगळं माझ्यासाठी. आठ वर्षांत हा आवाज पहिल्यांदा माझ्या दिशेने आला होता, आणि तो शिव्या घेऊन आला असता तरी मला चाललं असतं. मी पुढे झालो. माझा स्वतःचा आवाज मला भिकाऱ्यासारखा वाटला.

“अजून बोल,” मी म्हणालो. “अशीच बोल माझ्याशी. मनकर्णा, बोल ना.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने उघडलेला चेहरा हळूहळू मिटत गेला. कमरेवरचे हात खाली आले. तिने खोचलेला पदर सोडून नीट खांद्यावर घेतला.

“माझं नाव शैलजा आहे,” ती म्हणाली. प्रत्येक अक्षर स्वच्छ, मी शिकवलं होतं तसं.

मग तिने खुंटीवरचा टॉवेल घेतला, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. मी बाहेर बटणाशी उभा राहिलो, बोट त्याच्यावर ठेवून, हाक आली की दाबता यावं म्हणून. थोड्या वेळाने आतून आवाज आला, बादलीत तांब्या बुडवल्याचा.